चार काढे आणि एक ‘नको’

माननीय अध्यक्ष वैद्य मेंग, व्यासपीठावरील पाहुणे, देगू शहराच्या औषधीपेठेतील माझे समव्यावसायिक, मुळ्या कापणारे, काढे उकळणारे, ज्यांच्या सहनशीलतेवर आपण सारे जगतो ते रुग्ण, आणि आजचे सत्कारमूर्ती वैद्य नामगुंग,

निरोपाच्या भाषणात सत्य किती मात्रेत घालावे, याविषयी आपल्या ग्रंथांत मार्गदर्शन नाही. मी अंदाजाने घालतो आहे.

माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी नामगुंगांना ज्येष्ठमधाची उपमा दिली. उपमा योग्य आहे. ती शेवटपर्यंत नेण्याचे धैर्य मात्र कुणी केले नाही. ज्येष्ठमध काय करतो? तीव्र मुळीची धार बोथट करतो, कडू काढा पिण्याजोगा करतो, न पटणाऱ्या औषधांना एका भांड्यात नांदवतो. नामगुंगांनी आपल्या वैद्यसंघात एकतीस वर्षे हेच केले. गिन्सेंगच्या प्रतवारीवरून अध्यक्ष मेंग आणि मी दोन वर्षे बोलत नव्हतो. नामगुंग आम्हा दोघांनाही वेगवेगळे गाठून ‘तुमचंच बरोबर आहे’ असे सांगत. आम्ही दोघेही समाधानी होतो. प्रतवारीचा प्रश्न अजून जागच्या जागी आहे.

आता उपमेचा उत्तरार्ध. जो पदार्थ प्रत्येक काढ्यात असतो, त्याची बेरीज कोण करतो?

गेल्या शरदात नामगुंगांना खोकला झाला. बातमी पेठेत पसरली आणि चार वैद्यांनी, प्रत्येकाने आपापल्या परीने, त्यांच्या घरी काढ्याच्या पिशव्यांचे खोके पाठवले. त्या चौघांत अध्यक्ष होते आणि मीही होतो. प्रत्येक काढा दिवसातून तीनदा. प्रत्येकात ज्येष्ठमध, थोडाच, शिष्टाचारापुरता. चार शिष्टाचार एका पोटात गेले म्हणजे काय होते, हा प्रश्न आपल्या परीक्षेत विचारला जात नाही.

तीन आठवड्यांत त्यांचा चेहरा भरला. संघाच्या भोजनात आपण त्यांचे अभिनंदन केले, ‘दहा वर्षांनी तरुण दिसता’ म्हणून. पुढच्या आठवड्यात त्यांना भाताच्या वाटीचे झाकण उचलेना. मग आपण आठ विद्वान त्यांच्या उशाशी बसलो. चौघांनी दोष मूत्रपिंडांना दिला, चौघांनी प्लीहेला. तोडगा म्हणून पाचवा काढा ठरला. आणि दोन्ही पक्षांचे समाधान व्हावे म्हणून त्यात काय घातले, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

तो काढा उकळला नाही, याचे श्रेय प्योनबाईंना. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. चाळीस वर्षे त्या आपल्या सर्वांसाठी मुळ्या कापतात. त्या चारही दुकानांच्या चिठ्ठ्या घेऊन आल्या आणि दारातूनच बोलल्या.

“चारही घरचा ज्येष्ठमध मीच कापलाय. चौघांचा मिळून तोलला मघाशी. अहो, हा माणूस आजारी नाहीये, तुम्ही त्याचा मुरांबा घातलाय. आधी रुग्णालयात न्या, मग भांडा.”

रुग्णालयात रक्तदाब एकशे ब्याण्णव निघाला आणि पोटॅशियम इतके खाली, की तरुण डॉक्टरीणबाईंनी आकडा दोनदा तपासला. आणखी आठवडाभर काढे चालले असते, तर आजचा समारंभ आपण नामगुंगांच्या तसबिरीसमोर केला असता. भाषणे हीच झाली असती.

ते सावरल्यावर मी त्यांना विचारले, की ज्येष्ठमधाचे दोष तुम्ही चाळीस वर्षे शिकवलेत. तुम्हाला कळले कसे नाही?

“तिसऱ्याच दिवशी कळलं होतं,” ते म्हणाले. “पण कुणाचा बंद करणार? तुम्हालाच वाईट वाटलं असतं.”

सभाजनहो, अशा उत्तराला आपण एकतीस वर्षे सौजन्य म्हणत आलो. मला त्यात आपल्या सर्वांचा दोष दिसतो. ज्याने कधी नकार दिला नाही, त्याला आपण कधी विचारलेही नाही.

आता व्यासपीठाच्या डावीकडे पाहावे. रेशमी कापडात बांधलेली ती पाच खोकी निरोपाच्या भेटी आहेत. पाचही शक्तिवर्धक काढ्यांची. निळ्या कापडातले माझे. होय, मी पुन्हा आणले. सवय विद्वत्तेहून जुनी असते. बांधताना हात थांबला, आणि मग मुद्दामच बांधले. वैद्य नामगुंग, या सभेसमोर ते तुम्हाला देतो आहे. घेणार?

सभेला ऐकू आले नसेल. ते म्हणतात, ‘ठेवा, घरी गेल्यावर बघतो.’ घरी नाही, इथेच. मला वाईट वाटेल, याची मी हमी देतो. मी वाट पाहतो.

प्योनबाई, तुम्ही मध्ये बोलू नका.

“नको.”

अध्यक्ष महाराज, वैद्य नामगुंगांच्या नकाराची इतिवृत्तात नोंद व्हावी. उरलेली चार खोकी ज्यांची त्यांनी उचलावीत; अध्यक्षांचे जांभळ्या कापडातले आहे. सत्कारमूर्तींना दुसऱ्यांदा श्रम देऊ नयेत.

आपण शांतपणे ऐकलेत, मी आभारी आहे. बोलणे कुणाला कडू लागले असल्यास क्षमा असावी. आज मी त्यात ज्येष्ठमध घातलेला नाही.