आजारी कोण, ठणठणीत कोण

बायांनो, माझ्या आजारावर हसू नका, तपासणीवर हसा. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे नसांचा आजार, उजव्या हाताची बोटं सुन्न पडतात. तरी देवरीचं आमचं कापडाचं दुकान मीच चालवते. पण आमचे हे म्हणू लागले, "या आजारात डोकं बी जाते. आता गल्ल्यावर मी बसतो." आणि डोकं तपासायला मला गोंदियाला दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या मॅडमने कॉम्प्युटर पुढ्यात ठेवला. पडद्यावर खुणा येतात, प्रत्येक खुणेचा आकडा ओळखून त्यावर झटकन बोट लावायचं. मी म्हटलं, "बोट चालत नाही, तोंडाने सांगू का?"

"मुंह के नंबर नहीं मिलते, दीदी."

निकाल आला, विचारांचा वेग फार कमी. यांचा चेहरा असा खुलला! "पाह्य, मी सांगूनच राहिलो होतो!"

मी म्हटलं, "मॅडम, चांगल्या बोटांच्या माणसालाही एकदा बसवा."

हे ऐटीत बसले आणि लगेच पडद्याशीच भांडू लागले, "अबे थांब ना, कायले पळून राहिला?"

यांचा निकाल माझ्याहून खाली गेला. मॅडमने काळजीने विचारलं, "इनको कब से है ये बीमारी?"

"मॅडम, बीमारी मला आहे. हे ठणठणीत आहेत."

मग तिने माझी उत्तरं तोंडी घेतली, बोट स्वतः लावलं. सगळी बरोबर निघाली, वेगही चांगला भरला. परतीच्या बसमध्ये हे एवढंच बोलले, "दुकानात कोणाले सांगू नको."

दुकानात कायले सांगू? म्हणून तर तुम्हाला घरी चहाला बोलावलं.