रोलमधला पहिला फोटो

आजच्या या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छायाचित्र मंडळाचे संस्थापक माननीय मा चांग-शिक, कामाच्या रगाड्यातून वेळ काढून आलेले जिल्हाप्रमुख साहेब, सांस्कृतिक भवनाच्या संचालिका बाई, पहिल्या रांगेत बसलेले ज्येष्ठ नागरिक संघाचे सर्व आजी-आजोबा, मंडळातले माझे मित्र, आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या महिला मंडळाच्या भगिनींनो, तुम्हा सर्वांना नाम ग्यू-चोलचा वाकून नमस्कार.

अध्यक्ष महोदयांनी मला बजावून ठेवलं आहे की पाच मिनिटांत आटोप, सूप निवतं. पण मी एकतीस वर्षं पोस्टमन होतो. दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवली, स्वतःचं बोलणं मात्र नेहमी उशिरा पोचलं. आज थोडा वेळ जास्त घेईन. चांग-शिक, घड्याळाकडे बघू नकोस, मला दिसतंय.

आज मी मंडळातून निवृत्त होतोय. बाहेरच्या दालनात माझी चाळीस छायाचित्रं लावली आहेत, वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा, प्रत्येकी दहा. त्यांचं पुस्तकही निघतंय, आणि माझी सगळी निगेटिव्ह जिल्ह्याच्या स्मृतिभवनात ठेवायचं ठरलंय. याबद्दल कृतज्ञता व्यक्त करायला मला उभं केलं आहे. ती मी व्यक्त करतो. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हार गळ्यात ठेवणं मला जमणार नाही.

मघाशी जिल्हाप्रमुख साहेब फार सुंदर बोलले. ते म्हणाले, नाम साहेबांच्या छायाचित्रांत एक शांतता आहे. अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्या, बर्फातली पायवाट, ओसरीवर दोऱ्यांना टांगलेली पर्सिमनची केशरी फळं, आणि माणूस मात्र कुठेच नाही. जणू आत्ताच कुणीतरी इथून उठून गेलं आहे असं वाटतं, असं साहेब म्हणाले. साहेब, तुम्हाला कसं कळलं? खरंच तिथून कुणीतरी नुकतंच उठून गेलेलं होतं. मीच उठवलं होतं. ती माझी बायको होती, प्यो ओक-बुन.

आता पद्धत सांगतो. मी शिकलेला छायाचित्रकार नाही. अडतीस वर्षांपूर्वी टपालाच्या लाल मोटरसायकलवर गळ्यात कॅमेरा अडकवून फिरायला लागलो, आणि रविवारी ओक-बुनला मागे बसवून न्यायला लागलो. माझा कॅमेरा जुना, त्यात फोकस हाताने जमवावा लागे. बर्फावर किंवा धुक्यात फोकस जमत नाही, नजरेला धरायला काही लागतं. म्हणून मी तिला म्हणायचो, "तिथे जाऊन उभी रहा." ती उभी राहायची. तिच्या स्वेटरच्या बटणावर मी फोकस जमवायचो. मग हात हलवून सांगायचो, "झालं, आता बाजूला हो." ती बाजूला व्हायची आणि मी फोटो काढायचो. बाहेर लावलेल्या चाळीसपैकी निदान तीस फोटोंत ती क्षणभर आधी उभी होती. बर्फातल्या त्या फोटोत जवळ जाऊन बघा, पायवाटेच्या कडेला रबरी बुटांचे दोन ठसे दिसतील. स्पर्धेच्या परीक्षकांनी तेव्हा त्या ठशांची फार वाहवा केली होती.

ती कुरकुर करायची नाही असं मी म्हणणार नाही. चांगली करायची. नोव्हेंबरच्या थंडीत अर्धा तास उभं केलं की म्हणायची, "युन-जूचे बाबा, त्या झाडाला काही विचारायचं असलं तर विचारून घ्या, मी घरी जाते." पण जायची नाही. कधी म्हणायची, "उभी आहेच तर एक माझाही काढा की." मी म्हणायचो, "उजेड बरोबर नाही." आज मी तुम्हाला विचारतो, उजेड बरोबर नाही म्हणजे काय? मिरच्यांना तो चालत होता, तिच्या तोंडाला का चालत नव्हता?

पहिल्या रांगेतल्या आजी-आजोबांना ओक-बुन माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. आपलं मंडळ गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांचे दीर्घायुष्याचे फोटो काढतं. नाव दीर्घायुष्याचं, पण पुढे तोच फोटो काळी फीत लावून अंत्यविधीला ठेवतात हे आपण सगळे जाणतो. मी असे चारशे बारा फोटो काढले. पण म्हाताऱ्यांना पारंपरिक रेशमी हानबोक नेसवणं, छातीवरची गाठ बांधणं, ओठांच्या कडा रुमालाने टिपणं, हे सगळं तिचं काम. आणि रजईची पांढरी खोळ उसवून तिने एक चादर शिवली होती, ती दोन्ही हातांनी धरून तोंडावर उजेड पाडायचा, हेही तिचंच काम. चादरीमागून तिची बडबड चालू असायची. कामगोलच्या आजी, तुम्हाला काय म्हणाली होती आठवतं? "जरा हसा हो, सुनेला तीन दिवस तुमच्या फोटोसमोर बसायचंय." तुम्ही हसलात, आणि तुमचा फोटो सगळ्यांत छान आला. देव करो, त्याची गरज खूप वर्षं न पडो.

तुम्हाला ठाऊक आहे, असे फोटो अधिक महिन्यात काढलेले बरे असं आपल्याकडे मानतात. त्या महिन्याला देवांचं लक्ष नसतं म्हणे. कफन शिवा, थडगं हलवा, कशाचीच बाधा होत नाही. तो महिना दोन-तीन वर्षांनी येतो. ओक-बुनने साठी ओलांडली तशी ती म्हणायला लागली, "माझाही काढून ठेवा, येत्या अधिक महिन्यात." स्वतःसाठी तिने हिरवट निळ्या रेशमाचा सदरा शिवून घेतला.

पहिला अधिक महिना आला तो भर पावसाळ्यात. ती सदरा घालून ओसरीवर बसली. मी आभाळाकडे बघितलं आणि कमळाच्या तळ्याकडे निघून गेलो, कारण पानांवरचं पाणी त्या दिवशी छान होतं. दुसरा आला साथीच्या वर्षी, भातलावणीच्या आधी. मंडळाचं काम बंद होतं. ती म्हणाली, "मंडळ बंद आहे, नवरा बंद नाही ना? घरातच काढा." पण तेव्हा खाचरांत पाणी भरलं होतं आणि त्यात डोंगर उलटा दिसत होता. मी सकाळी जायचो आणि दुपारी यायचो. महिना संपला. तिसरा आला वसंतात. त्या सकाळी तिने केस विंचरून पिन लावली होती, सदऱ्याची गाठ एकटीनेच बांधली होती, जरा तिरकी. आणि तेव्हाच खालच्या आळीतल्या जर्दाळूला धुक्यात पहिला बहर आलेला. मी बूट घालत म्हणालो, "पुढच्या अधिक महिन्यात नक्की."

ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, "जा, फुलं थांबायची नाहीत. मी थांबते."

त्या जर्दाळूचा फोटो बाहेर वसंतात तिसरा आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तोच घेतलाय असं ऐकतो.

ती थांबली नाही. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात, किमचीचं लोणचं घालून झाल्यावर आठच दिवसांनी, अंगणातल्या मडक्यावर झाकण ठेवता ठेवता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टरांनी मेंदूतला रक्तस्राव सांगितला. दवाखान्याच्या अंत्यविधी गृहातल्या माणसाने फार अदबीने विचारलं, "बाईंचा फोटो?" आमची मुलगी युन-जू माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, हा प्रश्न आपल्या घरात तरी कुणी विचारायला नको.

मी घरी आलो आणि कपाटं उघडली. तारखेवार, ऋतूवार लावलेले डबे. अंत्यविधी गृहातून दोनदा फोन आला. शेवटी युन-जूच आली. तिच्या मोबाईलमध्ये आईचे फोटो होते, सगळ्यांत आईचा पंजा पुढे. "थांब गं," असं आई प्रत्येक वेळी म्हणायची, "माझा फोटो तुझे बाबा काढणार आहेत." युन-जू डब्यांकडे बघत म्हणाली, "बाबा, या आळीतल्या प्रत्येक झाडाचा फोटो आहे इथे." एवढंच म्हणाली. ती आरडाओरडा करणारी मुलगी नाही. केला असता तर बरं झालं असतं.

मग पंचवीस वर्षांपूर्वीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. नखाएवढा फोटो तो, मोठा केल्यावर नाक-डोळे विरघळल्यासारखे दिसत होते. चारशे बारा म्हाताऱ्यांना तिने हसवलं, आणि स्वतः मात्र ओठ घट्ट मिटून फुलांमध्ये बसली. तुमच्यापैकी बरेच जण आला होतात, दोनदा वाकून नमस्कार केलात. कामगोलच्या आजी नमस्कार करून उठल्या आणि भर गृहात मला म्हणाल्या, "ग्यू-चोल, ही कोण बाई लावलीस? ओक-बुनचं तोंड कधी मिटलेलं असायचं का?" लोकांनी त्यांना गप्प केलं. आजी, तुम्ही बरोबर बोललात. तीन दिवस मी एका अनोळखी बाईसमोर बसलो होतो.

त्यानंतर चौदा महिने मी निगेटिव्ह बघत होतो, भिंग लावून, एकेक पट्टी. नंतरच्या डिजिटल कॅमेऱ्याची कार्डंही बघितली. पांढरी चादर धरलेली तिची बोटं एकसष्ट ठिकाणी सापडली. सावली नऊ ठिकाणी. एकदा टाच. तोंड कुठेच नाही. माणूस इतक्या शिस्तीने चूक करू शकतो यावर माझा विश्वास बसेना.

आणि मग मला रोलमधला पहिला फोटो आठवला. तरुण मंडळींना हे माहीत नसेल. कॅमेऱ्यात नवा रोल घातला की सुरुवातीला एक-दोनदा उगाच बटण दाबावं लागतं, तेव्हा फिल्म पुढे सरकते. तो फोटो उजेड लागून अर्धा जळालेला असतो, म्हणून कशाचाही काढतात. मी कशाचा काढायचो? समोर जे उभं असेल त्याचा. समोर कायम तीच असायची. न सावरता, न थांबता, बोलता बोलता, जांभई देता देता, अर्ध्या जळक्या उजेडात उभी असलेली ओक-बुन, प्रत्येक रोलवर, चौदाशेहून जास्त रोलवर.

मी त्याच दिवशी चांग-शिककडे गेलो. त्याचं फोटोचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण फिल्म सगळी त्यानेच धुतलेली. मी विचारलं, "माझ्या रोलांच्या पहिल्या फ्रेमा कुठे आहेत?" तो म्हणाला, "अरे, तूच सांगितलं होतंस ना. पहिल्याच रोलला मी विचारलं होतं, ही ठेवू की कापू? वहिनी छान हसतायत यात. तू म्हणालास, काप, वाया गेलेली आहे."

अध्यक्ष महोदय, मान खाली घालू नका. तुम्ही गिऱ्हाईकाने सांगितलं ते केलंत. चौदाशे वेळा कात्री चालली ती माझ्या शब्दावर. पुढे डिजिटल आल्यावर तर कात्रीही लागली नाही, मीच अंगठ्याने पुसत होतो.

ऋतूंबद्दल बोल असं मला सांगितलं होतं. काय बोलू? जर्दाळू या वसंतात पुन्हा फुलला, अगदी तसाच. मिरच्या पुन्हा वाळल्या. या उन्हाळ्यात तो पुढचा अधिक महिनाही आला आणि गेला. मी रोज ओसरीवर बसून होतो. हिरवट निळा सदरा खुंटीला आहे. उजेड रोज बरोबर होता. जे दर वर्षी न बोलावता परत येणार होतं त्याच्यामागे मी अडतीस वर्षं धावलो, आणि जी एकदाच येणार होती तिला बाजूला हो म्हणालो. यातून काही शिकलो असं मी म्हणणार नाही. शिकून आता करू काय?

तेव्हा निगेटिव्ह खुशाल घ्या, मला ती घरात नकोत. मुखपृष्ठावरचा जर्दाळू तेवढा बदला, एवढी विनंती आहे. आणि दुसरी विनंती तुम्हा सर्वांना. लग्नं, शाळेची स्नेहसंमेलनं, किमचीचे दिवस, ओक-बुन सगळीकडे राबायला असायची. घरी गेल्यावर आपापले अल्बम काढा आणि कडेला, मागे, ताटं उचलताना कुठे ती दिसते का बघा. अर्धी चालेल. जळकी चालेल. मी याआधी एकोणतीस घरांत विचारून आलो आहे आणि अजून काही मिळालेलं नाही, हेही सांगून ठेवतो, म्हणजे नाही सापडली तर वाईट वाटून घेऊ नका.

आता समारंभाचा आठवणीचा फोटो निघेल. स्वयंपाकघरातल्या भगिनींनो, ओले हात असले तरी पुढे या, रांगेत या, तुम्ही सगळ्या आल्याशिवाय बटण दाबू देऊ नका. कुणाचे कोट, कुणाच्या पिशव्या सांभाळत कडेला उभं राहायचं नाही. ज्याचा सत्कार आहे त्याने मध्ये बसायचं असतं, पण मला तेवढी सूट द्या.

अध्यक्ष महोदयांचे, मान्यवरांचे, मंडळाचे आणि सूप निवत असतानाही ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. आनंदाच्या दिवशी मी हे असलं बोललो, कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. चला, रांगा लावून घ्या. या सभागृहात डाव्या बाजूला उजेड कमी पडतो. तिची चादर मी पिशवीतून आणली आहे, ती धरून मी तिकडे उभा राहतो.