पंपहाऊसमागची रेल्वे

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती काका आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत लहानाचे मोठे झालेले आपण सर्व,

काकांनी पंपहाऊस किती निष्ठेने सांभाळलं, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी बोलणार आहे ते त्यांच्या क्वार्टरमागच्या रेल्वेबद्दल. कारण तिथे मी हजर होतो. ‘कॉलेज अर्धवट सोडून तिथे काय करत होतास?’ हा प्रश्न आमच्या मातोश्री रोज विचारतात. तेव्हा सभागृहाने तरी तो विचारू नये.

ज्यांनी ती रेल्वे पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे रूळ, मोरीच्या पाण्यावर पूल आणि टाकून दिलेल्या पाइपाचा बोगदा. इंजिनात जुन्या वायपरची मोटर. डबे काकांच्या मुलीने रंगवलेले, आणि सिग्नलही तिच्याच ताब्यात. मी मात्र निव्वळ रुळांच्या ओढीने जात असे. हसताय कशाला? बघा, काकाही हसायला लागले.

तर गेल्या आठवड्यात बातमी आली, की क्वार्टरमध्ये राहायला येणारे नवे साहेब परसदार सपाट करून तिथे मोटार उभी करणार. काका लगेच परसात गेले. मांडी घालून बसले आणि रुळांचा एकेक स्क्रू सोडवायला लागले. काका निवृत्त झाल्यावर बापलेक गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला जाणार, हे ठरलेलंच होतं. पण रूळच उखडले, तर मी कोणत्या तोंडाने त्यांच्या दारात उभा राहू? माझं टाळकं सटकलं. काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावला आणि थेट ऑफिसात शिरलो.

“मोटार लावायची तर रस्त्यावर लावा! रुळांना हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे!”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “बोगद्यात गाडी अडकली तर बाहेर कशी काढता?”

“झाडूच्या दांड्यानं!” मी ओरडतच उत्तर दिलं.

“अस्सं! क्वार्टर बघून आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. मोटार पुढे लावीन की. आणि तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा, राव.”

तेच साहेब आज आपले अध्यक्ष आहेत. त्या दिवशी मी स्क्रूड्रायव्हर मुकाट खाली ठेवला. खुर्ची त्यांनीच पुढे सरकवली. त्यांची अट एकच, काकांनी दर रविवारी येऊन गाडी चालवायची. मी धावत जाऊन स्क्रूड्रायव्हर परत दिला आणि हे सांगितलं, तेव्हा काका सोडलेले स्क्रू परत पिळायला बसले. त्यांची मुलगी म्हणाली,

“बाबा, मलाही यावं लागेल. सिग्नल याच्या हातात दिला, तर हा लाल असतानाच गाडी सोडतो.”

मंडळी, इतकी गोड निंदा माझी आजवर कुणी केली नव्हती.

काका, आपल्याला दीर्घायुष्य लाभो. अध्यक्षमहाराज, आपले आभार, आणि त्या दिवशीच्या आवाजाबद्दल क्षमा. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर लहान समजून पोटात घाला. आणि तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ मान खाली घालून जे कुणी बसलं आहे, त्यांना एवढंच सांगतो: उत्तराची मुळीच घाई नाही. आता रविवार पुष्कळ आहेत. सिग्नल हिरवा होईपर्यंत मी थांबतो.