पायाळू ठकूबाई आणि सुनेचे चार दिवस

मंडळी, सरकून बसा! मागं उभे राहिलात ते पुढं या, जागा पुष्कळ आहे. आज एकच प्रश्न विचारतो. रक्त आलं की आपण धावतो. सूज आली की लेप लावतो. पण ज्या दुखण्याला ना जखम, ना सूज, ना ताप — त्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा की नाही? बोला! ... सगळे गप्प? आणि आमचे मृदंगवाले बुवा तर खालीच बघायला लागले! घरी ह्यांची कंबर दुखली की घरचे काय म्हणत असतील, ते कळलं मला!

ऐका आता. पठारावर एक गाव होतं, पारेवाडी. घरोघरी बाया विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाठ वाकलेली. त्या गावात होती ठकूबाई. ही पायाळू! पायाळू म्हणजे काय, ठाऊक आहे का पोरांनो? तुम्ही-आम्ही जन्मताना डोक्यानं आलो. ही आली पायांनी! आणि ही आली, तेव्हा हिची आई गेली. मग लोक काय म्हणणार? "आईला खाऊन जन्मली!" शुभकार्यात तिला कुणी पुढं येऊ देईना. आईविना वाढलेलं लेकरू ते, त्याचा काय गुन्हा हो?

पण आपल्याकडं एक समजूत आहे. कमरेत उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा. कुणीतरी हिचा पाय लावून घेतला, उसण गेली. दुसऱ्याची गेली. मग काय विचारता! जिला कुणी दारात उभं करत नव्हतं, तिच्याच दारात माणसं! दिवस उगवायच्या आत यायचं, उंबऱ्यावर पालथं पडायचं, आणि ठकूबाईनं तीनदा पाय द्यायचा. बदल्यात सुपारीचं खांडसुद्धा घेत नव्हती. चार माणसांनी "या ठकूबाई" म्हणावं, एवढीच तिची भूक. आता उसण तर चार दिवसांत आपली आपणच जाते. पण नाव झालं पायाचं! तुम्ही-आम्ही तरी काय वेगळं करतो?

मुलगा रभाजी टेम्पो घेऊन महिना महिना बाहेर. घरात दोघीच — ठकूबाई आणि सून मथुरा. मथुरा मोठी हसरी, हाताला चपळ.

एक दिवस मथुरा सूप खाली ठेवायला वाकली आणि तिथंच थबकली! कमरेतून कळ निघाली, ती कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत!

"आत्याबाई, पायात रसरसता इस्तू वतल्यासारखं होतंय बघा!"

शिंकली तरी कळ. खोकली तरी कळ. बसली तर उठवेना. ठकूबाईनं पाय चाचपला. चांगला धडधाकट! ना काटा, ना सूज.

"उसणच हाय. पड उंबऱ्यावर!"

पाय दिला. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुप्पट! पुन्हा पाय दिला. मथुरा कळवळली. आणि तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "नको, आत्याबाई. पाय दिला की जास्तच होतंय." हे म्हणाली कधी? दारात शेजारच्या चार बाया उभ्या होत्या तेव्हा!

मंडळी, ठकूबाईच्या काळजात काय झालं असेल? घरच्या सुनेलाच गुण येत नाही — म्हणजे आपल्या पायात काहीच नाही! आणि पायात काही नाही, तर मग आपण कोण? आईला खाऊन जन्मलेली, बस्स! भ्याली हो ती. भ्यालेलं माणूस काय करतं? ओरडतं!

"पाय तर चांगला दिसतोय! इड्या वळायचा कटाळा आला म्हण की! नाटकं नुसती! आजपास्नं माझ्याम्होरं पायाचं नाव काढायचं न्हाई!"

मथुरानं नाव काढलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पाऊल उचलेना. पायातली चप्पल निसटून मागं राहायची, तिला पत्ता नसायचा. मांड्यांमधली जागा बधिर झाली. आधी लघवी होईना, मग नकळत व्हायला लागली. बाईमाणूस! सांगणार कुणाला? आणि सांगायची तर बंदी! गुपचूप साडी धुवायची, परसात कोपऱ्यात वाळत घालायची.

ठकूबाईनं ती ओली साडी पाहिली. एकदा पाहिली, दोनदा पाहिली. विचारावंसं वाटलं. तोंडापर्यंत शब्द आला! पण विचारलं, तर आपण हरलो असं होईल ना? एक दिवस गेला. दोन गेले. तीन गेले. चौथ्या दिवशी मथुरा उठायला गेली आणि धाडकन पडली.

"मथे!"

खाली पडल्या पडल्या ती पोर काय म्हणाली? "आत्याबाई, मी नाटक न्हाई करत हो..."

उचलली, शहरातल्या दवाखान्यात नेली. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. कळ थांबली. पण पाऊल लुळं पडलं ते पडलंच, आणि लघवीचा ताबा पुरता आला नाही. डॉक्टरीणबाई समजावून सांगायला लागल्या, "आजी, दुखत होता पाय, पण दुखणं पायात नव्हतं. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. त्यातली एक सरकली आणि नसेवर दाबून बसली. ती नस कमरेतून निघून पार पावलापर्यंत जाते, म्हणून कळ पायात. सायटिका म्हणतात ह्याला. बहुतेकांचा औषधानं, झेपेल तेवढं हिंडून-फिरून काही आठवड्यांत कमी होतो. पण पाऊल उचलेना, बसायची जागा बधिर झाली, लघवी सुटली, की मग तासभरसुद्धा थांबायचं नसतं."

ठकूबाईनं हात जोडले. "माझ्या पायानं झालं का वो हे?"

"पाठीवर पाय द्यायलाच नको होता. पण त्यानंच झालं, असं मी खात्रीनं नाही सांगू शकत. लगेच आणली असती, तर पाय वाचायची पुष्कळ आशा होती. चार दिवस थांबलात कशाला?"

आता काय सांगणार? तेवढ्यात खाटेवरून मथुरा बोलली, "मीच लपवलं, डॉक्टर. आत्याबाईंना कायबी म्हाईत नव्हतं."

सून सासूवर पांघरूण घालतेय, मंडळी! डॉक्टरीणबाई गेल्या. ठकूबाई खाटेजवळ खाली बसली. साठ वर्षांत कुणापुढं रडली नव्हती, ती हमसून हमसून रडली.

"मला म्हाईत होतं गं मथे. तुझी वली साडी रोज बघत होते मी."

मथुरा छताकडं बघत म्हणाली, "तुम्ही बघत होता, ते मलाबी म्हाईत होतं, आत्याबाई. रोज वाटायचं, आज इचारतील."

... टाळ वाजवू नका, थांबा जरा.

आता ठकूबाईला नावं ठेवू नका. तुमच्या घरातही आज कुणीतरी भिंतीला धरून उठलं असेल. तुम्ही पाहिलंत. पाहून पुढं आलात, इथं कीर्तनाला बसलात! नामस्मरण उद्याही होईल. आत्ता घरी जा. जवळ बसून विचारा, "कुठं दुखतंय तुला?" आणि पहिलं उत्तर "काही नाही" असं आलं, तर उठू नका. तिथंच बसून राहा.