नीलकंठ सरांचा प्रत्यक्षार्थवाद

सन्माननीय अध्यक्ष गंगाधरराव, मंचावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती नीलकंठ सर, कौमुदीकाकू आणि रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या या सभागृहात जमलेल्या आप्तजनांनो,

मी ऋता. सरांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच तत्त्वज्ञान विभागात शिकवते. सरांनी आम्हाला प्रत्यक्षार्थवाद, म्हणजे पॉझिटिव्हिझम, शिकवला. आम्हाला वाटायचं, ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे हसत राहा! सर कपाळाला हात लावायचे. हा शब्द एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रुजला. या वादानुसार माणूस जगाचा अर्थ आधी देवांत शोधतो, मग अमूर्त तत्त्वांत, आणि शेवटी जे पाहता-तपासता येतं त्यातच. ही शेवटची पायरी ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेली, खात्रीची. वर्गात कोणी काही ठोकून दिलं की सर विचारायचे, “काहून मानू? पाहिलं काय तू?”

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या वर्षी त्यांचा मुलगा सौमित्र नोकरीच्या मुलाखतीला बिलासपूरला गेला, तो परतलाच नाही. पोलीस ठाणी झाली, दवाखाने झाले. नातेवाईक म्हणाले, क्रियाकर्म उरकून टाका. सरांचं एकच उत्तर, “पोट्टा गेला हे पाहिलं काय कोणी?” आम्ही त्याला तत्त्वनिष्ठा म्हणायचो. पण बापाला आशा ठेवायला दुसरी जागा तरी कुठे होती?

पुढचं काकूंच्या परवानगीने सांगते. या पितृपक्षात काकू म्हणाल्या, “इतकी वर्षं त्याचं ताट वाढून राहिली मी. थकली आता. मले एकदा मोकळं रडू द्या.”

सर महादेव घाटावर गेले. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी करायला. काकू आणि मी सोबत होतो. न राहवून विचारलं, “सर, तुम्ही मानलंत?” म्हणाले, “सौमित्रचं मले अजून माहीत नाही, ऋता. हिचं दुःख मात्र रोज समोर दिसून राहिलं.”

गुरुजींनी पुतळा मांडला. सर बराच वेळ बघत राहिले. मग खाली वाकले. “गुरुजी, माझा पोट्टा उंच होता,” म्हणाले आणि पायांशी आणखी पानं जोडली. तेव्हा काकू रडल्या. सरही.

सर, उद्यापासून तुमचा वर्ग मला घ्यायचा आहे. हाच विषय शिकवीन. दुःख खरं असतं, असं मी म्हटल्यावर एखादा पोट्टा उठेल, “मॅडम, पाहिलं काय तुम्ही?” मी सांगेन, हो. पाहिलं.

बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर घरचीच पोट्टी समजून पदरात घ्या. मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे आभार.