भोंगा आणि भरती

कलावती : सिस्टर, त्या पाटावर नको. इकडे चटईवर बसा.

सिस्टर : का गं? मोडलाय का पाट?

चंद्रभागा : तिथं तो बसलाय.

सिस्टर : कोण?

कलावती : सासरे माझे. गोमाजी नाखवा. नारळी पुनवेनंतर होडी घेऊन गेलेले, ते आलेच नाहीत. होडी मिळाली, ते नाही मिळाले.

चंद्रभागा : आयलाय ना. हा बग. कमरंच्या रुमालातून पानी गलतंय नुस्ता.

सिस्टर : चंद्रभागाबाई, हात द्या बघू. अगं बाई, केवढा गार! आणि हा घाम? सगळी चोळी भिजलीय. केव्हापासून असं?

कलावती : आजचं मघापासून. आठवडाभर चाललंय, पण रोज नाही. काल तर उठून सरळ खाडीत निघालेल्या, कमरेएवढ्या चिखलात. मी नि शेजारच्या दामाजीमामांनी ओढून आणलं. आज भगताला बोलावलंय.

सिस्टर : भगत येईल तेव्हा येईल. तू साखर आण. पाण्यात घाल, चांगली मूठभर.

कलावती : साखर? अहो, साखरेचाच आजार ना त्यांना! दवाखान्यात तुम्हीच बोललेलात, साखरेला हात लावायचा नाही.

सिस्टर : बोललेले. आता मीच सांगतेय, आण. पळ!

चंद्रभागा : चल बोलतंय. होडी दाराशी लावलीय बोलतंय. पानी चढतंय, उठ.

सिस्टर : इकडे बघा. माझ्याकडे. मी कोण?

चंद्रभागा : नर्सबाय. गप ना गो जरा. त्याचा ऐकू येत नाय मना.

सिस्टर : थुंकी गिळा बघू. हां, गिळता येतंय. कलावती, मागून धर, आडवं करू नकोस. घ्या, घोट घोट.

चंद्रभागा : नको. त्यानं हात पुडं केलाय.

सिस्टर : राहू दे त्याचा हात. घ्या म्हणते ना!

कलावती : आई, घ्या हो. पाया पडते तुमच्या.

सिस्टर : अजून एक. संपवा भांडं. आता थोडं बसू या अशाच... ऊब येतेय हाताला. सांगा बघू, पाटावर कोण आहे?

चंद्रभागा : कोन नाय. ...कोनच नाय गो. घालवलास त्याला! माजा मानूस घरात आलेला, नि तू साखर पाजून घालवलास!

सिस्टर : हो, घालवला. नाहीतर तुम्ही गेला असता.

कलावती : सिस्टर, पाट बघा. ओला आहे.

सिस्टर : यांचा घाम असेल.

कलावती : त्या सकाळपासून इथून हललेल्या नाहीत.

सिस्टर : मग मला नाही माहीत. पुसून टाक. आणि हे सांग, सुई कधी टोचून घेतात?

कलावती : कंपनीचा सकाळचा भोंगा झाला की. एक दिवस चुकवत नाहीत.

सिस्टर : आणि जेवतात?

कलावती : भरतीला. या घरात तशीच रीत आहे. माणूस पाण्यावर असला की बाईनं आधी जेवायचं नाही. भरतीवर होडी आत आली, की ताटं वाढायची. सासऱ्यांचं मढं मिळालं नाही ना, म्हणून ह्या अजून तशाच बसतात. त्यांचं ताट वाढून.

सिस्टर : म्हणजे तोवर पोटात काहीच नाही? आणि भरती रोज त्याच वेळेला येते का?

कलावती : छे हो, रोज पुढे सरकते. परवापासून तर दुपार टळल्याशिवाय... अगं आई गं!

सिस्टर : हां. भोंगा जागचा हलत नाही, भरती हलते. इकडे सुई साखर उतरवत बसते, आणि पोट रिकामं. भरती उशिरा असली, की तुझे सासरे येतात.

कलावती : मग सुई शिकवताना नाही का विचारायचं, जेवता कधी म्हणून?

सिस्टर : विचारायला पाहिजे होतं.

चंद्रभागा : म्हंजे सुई घेऊन उपाशी रायलं का तो येतंय?

कलावती : आई!

चंद्रभागा : नाय, इचारतंय. बरोबर ना, नर्सबाय?

सिस्टर : ...बरोबर.

कलावती : कशाला हो बोललात? आता ह्या मुद्दाम करतील!

सिस्टर : खोटं बोलले तर उद्यापासून माझं काहीच ऐकणार नाहीत. चंद्रभागाबाई, तो येईल अजून दोन-चारदा. मग एक दिवस तुम्ही उठणार नाही. हेही तितकंच बरोबर.

चंद्रभागा : मंग काय वायट? त्याच्याकडंच जाईन ना.

सिस्टर : तिकडचं मला कोणी शिकवलेलं नाही. तुम्ही जाल, एवढंच माहीत आहे.

कलावती : आणि मी? हे पण पाण्यावरच असतात, आई. मी एकटीनं कोणाकोणाची वाट बघायची? त्यांची बघू, का तुमची?

सिस्टर : रडू नकोस. आधी यांना भात वाढ, नुसत्या साखरेवर भागणार नाही. आणि सुई आजपासून तुझ्या ताब्यात. डॉक्टरांशी मी बोलते. उद्या भोंगा झाला की आधी ताट. घास पोटात गेलेला डोळ्यांनी बघायचा, मग टोचायचं. असा घाम, थरथर, बरळणं दिसलं तर साखर. शुद्ध नसली तर तोंडात थेंबसुद्धा घालू नकोस, घशात अडकेल. रिक्षा करायची नि दवाखाना गाठायचा. कळलं?

कलावती : कळलं. तुम्ही याल ना उद्या?

सिस्टर : येते.

(दुसऱ्या दिवशी. सकाळचा भोंगा नुकताच थांबला आहे.)

कलावती : बघा ना, केव्हाच्या घास घेऊन बसल्यात. हात वर जात नाही.

सिस्टर : असू दे. मी थांबलेय.

चंद्रभागा : सुकती हाय. पानी पार लांब गेलंय.

कलावती : जेवा हो.

चंद्रभागा : जेवले तर आज येनार नाय ना तो?

सिस्टर : नाही येणार.

चंद्रभागा : काल त्याच्याशी धड बोलले पन नाय. ...कोन गो? मागल्या दारी हाक मारतंय कोन?

कलावती : सिस्टर. मी पण ऐकली.

सिस्टर : तू खाल्लंस ना सकाळी?

कलावती : खाल्लंय. चहा नि भाकरी.

सिस्टर : ...दार लावून घे.

चंद्रभागा : नको, लावू नको. उगडाच राव दे.

कलावती : आई, तुम्ही उठायचं नाही हां. आई?

चंद्रभागा : उठत नाय गो. चावू देशील का नाय?

सिस्टर : सावकाश. घाई नाही कसली.

चंद्रभागा : गिलला. ...टोच आता.