पहूरला अडकलेला ठिपका

हसायचं ते नंतर हसा, पण माझं यंत्र चुकलं नव्हतं, एवढं आधी कबूल करा.

मी हौशी रेडिओवाला, हे तुम्हाला ठाऊकच. गाडीतला माझा रेडिओ दर दोन मिनिटांनी गाडीची जागा हवेत कळवतो, जळगावच्या घराच्या गच्चीवरचा अँटेना ती पकडतो आणि इंटरनेटवरच्या नकाशावर माझा ठिपका सरकतो. बायकोला घेऊन बोदवडला सासुरवाडीला निघताना मी सासऱ्यांना फोनवर ऐटीत सांगितलं, "आबा, गाडी चालवताना मी फोन घेत नाही. ठिपका बघत राहा, जवळ आला की भरताची वांगी भाजायला घ्या."

पहूरला एक काम उरकलं, जामनेरला बायकोच्या मावशीकडे चहा झाला, जरा गप्पाही झाल्या आणि मग आम्ही बोदवडला पोचलो. दारात सासूबाई एकट्याच. लेकीला बघून त्या रडायलाच लागल्या. "अहो, तुमचा ठिपका केव्हाचा पहूरातून हलू नाही राह्यला! आबा गाडीच्या मिस्तरीला घेऊन तिकडेच गेले!"

पहूरच्या पुढचं माझ्या अँटेनाला ऐकू येत नाही आणि शेवटचा ठिपका नकाशावर तसाच राहतो. हे मी वहीत तारखेसह लिहून ठेवलं होतं. आबांना मात्र सांगितलं नव्हतं.

लगेच फोन लावला. "आबा, आम्ही सुखरूप आहोत. तुमच्याच घरी आहोत."

"असं कसं, जावईबापू?" आबा म्हणाले. "मी नकाशा हातात धरून तुमच्या ठिपक्यावरच उभा आहे!"